बनाला प्रदक्षिणा: तुरहळ्ळीच्या रानातली एक गोल वाट

या मालिकेत आपण गड पाहिले, घाटवाटा पाहिल्या. आज मी तुम्हाला अशा ठिकाणी नेणार आहे जिथे गड नाही, बुरूज नाही, पाण्याची टाकी नाहीत. जिथून चालायला सुरुवात करायची तिथेच परत यायचं आहे. अंतर पाच-सहा किलोमीटर. सावकाश चाललं तर अडीच-तीन तास, आणि थांबत, बघत चाललं तर अर्धा दिवस सहज जातो. जागा आहे बेंगळुरू शहराच्या दक्षिण टोकाला, मी राहते त्या बनशंकरीच्या पलीकडे. नाव तुरहळ्ळीचं रान.

आमच्या शेजारच्या काकूंनी मला एकदा विचारलं होतं, "अगं, वर जायचं नाही, काही गाठायचं नाही, नुसतं गोल फिरून यायचं, मग त्यात बघायचं काय?" प्रश्न चांगला आहे. आजचं बोलणं त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

बनशंकरीतलं बन

आधी नाव समजून घेऊ. बेंगळुरूमध्ये बनशंकरी म्हटलं की लोकांना मेट्रो स्टेशन आठवतं, बसस्टँड आठवतो, नाहीतर कनकपुरा रस्त्यावरचं देवीचं देऊळ आठवतं. तिथे राहुकाळात अर्ध्या लिंबाच्या सालीत तुपाचे दिवे लावतात. मंगळवारी, शुक्रवारी रांग बघण्यासारखी असते.

पण या देवीचं मूळ ठाणं आहे बदामीजवळ, चोळचगुड्ड इथे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी ते देऊळ पाहिलं असेल. आजची तिथली वास्तू १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदारानं उभी केली असं सांगतात. बनशंकरी म्हणजे वनशंकरी, रानातली देवी. त्या परिसराला तिलकारण्य म्हणत. तिचंच दुसरं नाव शाकंभरी. दुष्काळात तिनं आपल्या अंगातून भाजीपाला उत्पन्न करून माणसं जगवली अशी कथा आहे, म्हणून पौषातल्या शाकंभरी नवरात्रात तिच्यापुढे ढीगभर भाज्या मांडतात.

म्हणजे देवी रानाची, आणि तिच्या नावाची वसाहत मात्र सिमेंटची. बनशंकरीचे आता सहा स्टेज झाले आहेत. इथे वसाहतीच्या टप्प्याला स्टेज म्हणतात. पहिला, दुसरा, तिसरा असं करत शहर दक्षिणेकडे सरकत गेलं आणि सहाव्या स्टेजच्या घरांजवळ एका रानाचं कुंपण आलं. तेच हे तुरहळ्ळी. सुमारे सहाशे एकर. बेंगळुरू महानगराच्या हद्दीत उरलेलं शेवटचं रान अशी त्याची ओळख सांगितली जाते.

सहाशे एकर म्हणजे जवळजवळ अडीच चौरस किलोमीटर. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे. इथून दक्षिणेकडे असलेलं बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे. त्यांच्यापुढे तुरहळ्ळी म्हणजे हातरुमालाएवढं. हा आकार लक्षात ठेवा. पुढे त्याचं एक गणित करायचं आहे.

गोल वाट म्हणजे प्रदक्षिणा

आपण सह्याद्रीतली माणसं. आपल्या डोक्यात ट्रेक म्हणजे चढाई. पायथा, सोंड, खिंड, दरवाजा, माथा. मग फोटो आणि त्याच वाटेनं खाली. यात माथा मुख्य, वाट दुय्यम. उतरताना तर आपण वाटेकडे बघतसुद्धा नाही, कारण ती 'झालेली' असते.

गोल वाटेत असं होत नाही. कुठलाच तुकडा दुसऱ्यांदा येत नाही, त्यामुळे शेवटच्या पावलापर्यंत समोर नवीन काहीतरी असतं. परदेशात अशा वाटा मुद्दाम आखतात. पण आपल्याला ही कल्पना बाहेरून आणायची गरजच नाही, आपल्याकडे तिला प्रदक्षिणा म्हणतात. श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी घालतात ती आठवा. सुमारे वीस किलोमीटर, चिखलातून, पावसातून. बहुतेक लोक डोंगराच्या माथ्याला पायही लावत नाहीत. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि त्याच्याभोवती चालायचं.

या पद्धतीत एक शहाणपण आहे. जे महत्त्वाचं आहे ते मध्ये असतं आणि आपण कडेनं जातो. मध्यभाग आपण तुडवत नाही. देवळात गाभाऱ्यातून आरपार कोणी जात नाही ना? तसंच. तुरहळ्ळीतसुद्धा मी हाच नियम पाळते. मधली खडकाळ टेकडी उजव्या हाताला ठेवते आणि फेरी पूर्ण करते. यानं वाट चुकण्याची शक्यताही कमी होते, कारण टेकडी बहुतेक वेळ दिसत राहते. ती डावीकडे आली की समजायचं, आपण भलत्या फाट्याला लागलो.

जायचं कसं, न्यायचं काय

बनशंकरी स्टेशनवरून मेट्रोच्या हिरव्या मार्गानं दक्षिणेकडे निघा. पाचवं स्टेशन वज्रहळ्ळी. हा मार्ग जानेवारी २०२१ मध्ये सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत वाढवला, तेव्हापासून गाडी न काढता इथे येता येतं. वज्रहळ्ळीहून रिक्षा करा. रविवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी जा. गर्दीही कमी असते.

हे रान वनखात्याच्या ताब्यात आहे. आत कुठून जायचं, किती वाजता जायचं, कुठला भाग बंद आहे, हे वेळोवेळी बदलतं. म्हणून मी तुम्हाला 'इथे डावीकडे, तिथे उजवीकडे' असा नकाशा सांगणार नाही. दारावरच्या वनरक्षकाला विचारा आणि तो सांगेल ते ऐका. तो नको म्हणाला तर परत फिरा. कुंपणाला पडलेल्या भोकातून आत जाणं हा काही ट्रेकिंगचा भाग नाही.

हंगामाचं सांगायचं तर बेंगळुरूला पाऊस दोनदा गाठतो. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा. त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला रान सर्वांत चांगलं दिसतं, हिरवं असतं आणि चिखल गेलेला असतो. फेब्रुवारी ते एप्रिल गवत वाळून कोळ झालेलं असतं, वणव्याची भीती असते. तेव्हा गेलात तर खिशात काडेपेटीसुद्धा नको.

सामान थोडंच. माणशी एक-दीड लिटर पाणी, चांगली पकड असलेले बूट, पूर्ण लांबीची पँट, टोपी, दशमी किंवा चटणी-पोळी, आणि एक रिकामी पिशवी. पिशवी कशाला, ते शेवटी सांगते.

सुरुवात: निलगिरीची सावली

आत शिरल्यावर पहिल्यांदा भेटतात ती निलगिरीची उंच, सरळ, सालपट निघालेली झाडं. वास छान येतो. नवीन माणूस म्हणतो, वा, काय जंगल आहे! थांबा. इथे दोन मिनिटं उभं राहून पायाखाली बघा. वाळलेल्या पानांचा थर आहे, पण झुडूप कमी, वेल कमी, किडामुंगी कमी, आणि पक्ष्यांचा आवाजही कमी. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. टिपू सुलतानाच्या काळात, १७९०च्या सुमारास, ती नंदीच्या डोंगरावर आली असं सांगतात. पुढे लाकडासाठी आणि कागदासाठी तिची मोठी लागवड झाली. तिची पानं तेलकट, लवकर कुजत नाहीत, आणि मुळं खोलवरचं पाणी ओढतात. झाडं खूप आहेत म्हणजे जंगल आहे असं नाही, हा पहिला धडा इथेच मिळतो.

पुढे वाटेच्या दोन्ही बाजूंना घाणेरी लागते. काही जण टणटणी म्हणतात, लहान मुलं तिची काळी फळं खातात तीच. तीही परदेशी पाहुणी, शोभेसाठी आणलेली आणि मग घर बळकावून बसलेली. तिच्या फुलांवर फुलपाखरं भरपूर असतात, म्हणून ती वाईटच असं म्हणवत नाही. पण ती जिथे माजते तिथे गवत आणि देशी रोपं उगवू शकत नाहीत.

मी हे सांगते आहे कारण तुरहळ्ळी हे काही अस्पर्श अरण्य नव्हे. त्यात लावलेली झाडं आहेत, घुसलेली झुडपं आहेत, आणि त्यांच्यामधून तग धरून राहिलेलं मूळचं दख्खनी झुडपी रान आहे. हे तिन्ही वेगळे ओळखता आले की वाट बोलायला लागते.

कातळ: तीनशे कोटी वर्षांचा

निलगिरी संपली की धोंडे सुरू होतात. घराएवढे, हत्तीएवढे, एकावर एक रचल्यासारखे. बेंगळुरूची प्रस्तरारोहण करणारी मुलं सरावाला इथेच येतात.

आपल्या सह्याद्रीचा दगड काळा बेसॉल्ट. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. इथला दगड करडा, त्यात पांढरे-काळे पट्टे. भूशास्त्रात त्याला नाइस म्हणतात. इंग्रजीत 'छान'ला म्हणतात त्याच्याशी याचा काही संबंध नाही, पण दगड खरोखर छान आहे. प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत जुना खडक अर्धवट वितळून, मळला जाऊन, पुन्हा घट्ट होतो तेव्हा हे पट्टे पडतात. दोन रंगांची कणीक अर्धवट मळल्यावर जशी दिसते तसे. वय सुमारे तीनशे कोटी वर्षं. म्हणजे रायगडाच्या दगडाच्या पंचेचाळीस पट जुना!

याच दगडाचं प्रसिद्ध रूप तुम्ही लालबागेत पाहिलं असेल. तिथला कातळ राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून जाहीर केलेला आहे. म्हैसूर संस्थानच्या भूशास्त्र खात्यातल्या डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये या खडकाला 'पेनिन्सुलर नाइस' असं नाव दिलं. लालबागेत त्याला कुंपण आहे, पाटी आहे. तुरहळ्ळीत त्याच कुळातल्या कातळावर आपण टेकून पाणी पितो.

धोंडे गोल का? खडकात भेगा असतात. त्यातून पाणी झिरपतं आणि कोपरे आधी झिजतात, कारण कोपऱ्यावर दोन-तीन बाजूंनी मारा होतो. कोपरे गेले की चौकोनाचा गोळा होतो. शिवाय दिवसा तापून, रात्री निवून वरची साल कांद्याच्या पाकळीसारखी सुटते. कातळावर हात ठेवा, अशा सुटलेल्या पापुद्र्याच्या कडा सापडतील.

चालताना दोन गोष्टी सांभाळा. हा दगड कोरडा असताना खरखरीत असतो, पकड उत्तम मिळते. घसाऱ्याची भीती आपल्या डोंगरांपेक्षा कमी. पण पावसाळ्यात पाणी वाहतं त्या काळ्या रेघांवर शेवाळ असतं आणि तिथे पाय हमखास सरकतो. काळी रेघ ओलांडायची असेल तर वळसा घाला. दुसरं, कातळावर पांढुरके, हिरवट, नारिंगी डाग दिसतील. तो रंग नव्हे, ते जिवंत दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते याच्याच भाऊबंदांपैकी. बुरशी आणि शैवाल यांचा हा भागीदारीतला संसार. तळहाताएवढा डाग व्हायला कित्येक वर्षं लागतात, कारण वाढ वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. कोणीतरी दगडावर बदाम आणि बाण कोरून नाव लिहितो तेव्हा तो आपल्या वयापेक्षा मोठ्या जिवाला खरवडत असतो.

टेकडीच्या पलीकडे

टेकडीवर एक छोटं देऊळ आहे. वाट चालू असेल तर फेरीतून जरा बाजूला होऊन वर जाऊन या. वरून एका बाजूला रान दिसतं आणि बाकी सगळीकडे इमारती. या रानाची परिस्थिती समजायला दुसरं काही सांगावं लागत नाही.

पलीकडच्या उतारावर खरं झुडपी रान भेटतं. या प्रदेशातली झाडं बुटकी, काटेरी, लहान पानांची. पिवळ्या फुलांचा तरवड, करंज, कडुनिंब, बांबूची बेटं. आणि नशीब असेल तर चंदन. चंदनाचं झाड दिसायला अगदी साधं असतं, वासही येत नाही. सुगंध असतो तो पिकल्या झाडाच्या आतल्या लाकडात. त्याची गंमत अशी की ते एकटं नीट वाढत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून पाणी आणि क्षार घेतात. म्हणजे चंदन हवं असेल तर आधी शेजार हवा. बागेत एकेक रोप ओळीत लावून रान होत नाही, त्याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

आता कानांनी चाला. निलगिरीत जे ऐकू आलं नाही ते इथे येतं. तांबट टुक् टुक् करत असतो, सातभाई भांडत असतात, कोतवाल दुसऱ्यांच्या नकला करत असतो, आणि गवतातून तितर अचानक ओरडतो. मोर तर खूप. मोराचा आवाज आला की दिशा लक्षात ठेवा, पण त्याच्यामागे धावू नका. वाटेवरच उभं राहिलं तर तो बहुतेक वेळा आपणहून समोरून जातो.

बिबट्या, साप आणि मोहोळ

"तिथे वाघबिघ आहे का?" हा प्रश्न ठरलेला. वाघ नाही. बिबट्या मात्र या भागात येतो. डिसेंबर २०२२ मध्ये तुरहळ्ळीच्या आसपास बिबट्या दिसल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि वनखात्यानं लोकांना सावध केलं होतं. मुंबईच्या किंवा जुन्नरच्या लोकांना हे नवीन नाही. बिबट्या माणसाला टाळतो. आपणही त्याला टाळण्याची संधी द्यायची. चौघे-पाचजण मिळून चाला, साध्या आवाजात बोलत चाला, लहान मुलांना मध्ये ठेवा, एकट्यानं झुडपात वाकून बसू नका. उजाडल्यावर आत आणि ऊन उतरायच्या आत बाहेर. कानात गाणी लावून चालणाऱ्याला तर मी बरोबर घेतच नाही.

सापांसाठी बूट आणि नजर. धोंड्याच्या फटीत न बघता हात घालायचा नाही. पडलेलं खोड ओलांडताना आधी त्यावर पाय, मग पलीकडे बघून उतरायचं. दंश झालाच तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही, १०८ला फोन करायचा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. उपाय एकच, प्रतिविष.

आणि कातळाच्या कपारीत आग्यामोहोळ लटकलेलं दिसलं तर गप्प, धूर नाही, अत्तर नाही, दगड तर मुळीच नाही. मागे फिरा.

शंभर एकरांचं गणित

आता मघाचं गणित. वाट ही फक्त पायाखालची दोन फूट जमीन नसते. आपल्या चाहुलीनं पक्षी घरट्यावरून उठतो, ससा चरायचा थांबतो. समजा वाटेच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटरपर्यंत आपला त्रास पोचतो. हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे, प्राण्याप्रमाणे तो कमीजास्त होईल. मग चार किलोमीटरची एक वाट किती रान व्यापते? चार हजार मीटर गुणिले शंभर मीटर, म्हणजे चार लाख चौरस मीटर. म्हणजेच जवळजवळ शंभर एकर.

सहाशे एकरांच्या रानात एक वाट म्हणजे शंभर एकर गेले. एकमेकींपासून लांब अशा तीन वाटा पडल्या तर निम्मं रान गेलं, आणि एकही झाड तोडावं लागलं नाही. सहा वाटा झाल्या की झाडं सगळी उभी, पण रान संपलं. मोठ्या जंगलाला हे सोसतं. हातरुमालाला सोसत नाही.

म्हणून सगळ्यांनी मिळून एकच गोल वाट धरायची आणि मधला भाग सोडून द्यायचा. प्रदक्षिणेचं शहाणपण म्हणाले ते हेच. 'इथून मधून गेलं की लवकर पोचू' असं म्हणून आपण जी नवी पायवाट पाडतो ती दुसऱ्या दिवशी दहाजण धरतात.

अजून एक हिशेब. २०२४च्या उन्हाळ्यात बेंगळुरूची पाण्याची काय अवस्था झाली ते तुम्ही ऐकलं असेल. बोअरवेल आटल्या, टँकरसाठी भांडणं झाली. सहाशे एकरांवर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं सुमारे दोन कोटी चाळीस लाख लिटर. बारा हजार लिटरचे दोन हजार टँकर! सगळं मुरत नाही, कातळावरचं वाहून जातं, झाडंही पितात. पण रानाच्या मातीत त्यातलं बरंच मुरतं, आणि काँक्रीटवरून सगळंच्या सगळं गटारात जातं. कुंपणापलीकडच्या सोसायटीतल्या माणसानं कधी रानात पाऊल टाकलं नसेल, तरी त्याच्या पाण्याशी या मातीचा संबंध आहे.

बाग की बन

२०२१च्या सुरुवातीला इथे ट्री पार्क करायचं घाटत होतं. ट्री पार्क म्हणजे साधारणपणे आखीव रस्ते, बसायची बाकं, मुलांची खेळणी, तिकिटाचं दार. आजूबाजूचे रहिवासी, सायकलवाले, पक्षी बघणारे, चालणारे लोक रानाशी जमले आणि 'आम्हाला रान रानच हवं' म्हणाले. त्याच फेब्रुवारीत बेत मागे घेतला गेला.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. बाग मागणारे काही रानाचे वैरी नव्हेत. आजी-आजोबांना सपाट रस्ता हवा असतो, आयांना मुलांसाठी सुरक्षित जागा हवी असते. आणि ज्या जागेत कोणीच जात नाही तिथे रात्री राडारोडा टाकला जातो, कुंपण हळूच आत सरकतं, हेही खरं आहे. पण बाग कुठल्याही मोकळ्या भूखंडावर करता येते. रान करता येत नाही, ते असावं लागतं आणि राखावं लागतं.

मग पेच असा आहे. कोणीच गेलं नाही तर रानाला साक्षीदार उरत नाही. सगळे गेले तर रान उरत नाही. २०२१मध्ये जे उभे राहिले ते का उभे राहिले? कारण त्यांच्या पायांना ती वाट माहीत होती. नकाशावरच्या हिरव्या ठिपक्यासाठी कोणी रविवारची झोप मोडत नाही. म्हणून जायचं. पण थोड्या जणांनी, एका वाटेनं, मधला भाग सोडून. माझ्या मते चालणाऱ्याचं काम साक्षीदाराचं आहे. कुठे नवीन राडारोडा पडलाय, कुठे तार तुटलीय, कुठे जाळ लावलाय, हे नेहमी फिरणाऱ्यालाच कळतं. दिसलं तर फोटो काढा आणि वनखात्याला कळवा.

आता ती रिकामी पिशवी. येताना वाटेवरच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं तिच्यात भरा. एक पिशवी भरली की पुरे. फुलं, बिया, पिसं, दगड मात्र काही उचलायचं नाही. मोराचं पीस सापडलं तर मुलांच्या हातात द्या, बघू द्या, आणि तिथेच ठेवायला सांगा.

तुमच्या गावातली फेरी

तुम्ही बेंगळुरूला याल तेव्हा तुरहळ्ळी बघालच. पण त्यासाठी थांबू नका. पुण्यात वेताळ टेकडी आहे. २०२३ मध्ये तिथल्या प्रस्तावित रस्त्यांविरुद्ध पुणेकर टेकडीसाठी रस्त्यावर उतरले होते, तीही अशीच शहराच्या वेढ्यात सापडलेली जागा. तुमच्या गावाशेजारी एखादी देवराई असेल, म्हसोबाची टेकडी असेल, कुरण असेल. एक गोल वाट ठरवा. वर्षातून चार वेळा, उन्हाळ्यात, पावसात, परतीच्या पावसानंतर आणि थंडीत, त्याच वाटेनं चाला. वहीत लिहा: काय फुललं, काय ओरडलं, काय नाहीसं झालं. दोन वर्षांत तुम्हाला त्या जागेबद्दल जे कळेल ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसेल.

आणि काकूंचा प्रश्न, नुसतं गोल फिरून बघायचं काय? काकू, देवळात आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा तरी कुठे पोचायचं असतं? मध्ये कोणीतरी आहे आणि ते अजून जागेवर आहे, एवढंच बघायचं असतं.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात देवरायांबद्दल बोलू. तोवर जवळची एखादी वाट शोधून ठेवा. नमस्कार.